दीड आण्याचं पाकीट

१

रविवारची उपासना सुटून अर्धा तासही झाला नसेल, तोवर शिरूरहून सत्यवान खंडागळ्यांचा फोन आला.

"शितोळेसाहेब, ते पाकीट गेलं."

गोकुळ शितोळे तेव्हा दौंडला आपल्या स्वयंपाकघरात शेंगदाणे भाजत होते. चौतीस वर्षं रेल्वे डाक सेवेत पत्रांची वर्गवारी केलेल्या माणसाला या बातमीत पहिल्यांदा वावगं काही वाटलं नाही. पाकिटं जाण्यासाठीच असतात.

"कुठं गेलं?"

"तेच तर कळंना. चोरीला गेलं म्हणतेत."

शेंगदाणे करपले. शिरूरच्या निवृत्त शिक्षिका दयाबाईंचं ते पाकीट बुधवारी शितोळ्यांनी त्यांच्या घरी स्वतःच्या हातात धरून पाहिलं होतं आणि त्याची किंमत साडेतीन लाख सांगितली होती. निवृत्तीनंतर त्यांनी हा एक उद्योग धरला होता. जुनी पाकिटं, कार्डं, शिक्के बघायचे आणि हे काय लायकीचं आहे ते तोंडावर सांगायचं. खरं सांगत असल्यामुळे त्यांच्याकडे लोक फार येत. दुसऱ्यांदा फारसे येत नसत.

"कुणावर संशय?"

"बाईंचा भाचा सॅम्युएल म्हणतोय, सुषमानं नेलं. त्यानं अर्ज लिवलाय पोलीस स्टेशनला. काल कुरकुंभवरनं स्पीड पोस्टानं टाकला. उद्या सकाळी हितं पोचंल."

"ही सुषमा म्हणजे कोण?"

"वडगाव रासाईच्या गेणबा कोळपेची पोरगी. दयाबाईंची जुनी विद्यार्थिनी. आता तिकडच्याच पोस्टात शाखा पोस्टमास्तर म्हणून निवड झालीय." सत्यवानांनी आवाज खाली आणला. "आन् साहेब, तिची पोलीस पडताळणी चालू हाय. याच आठवड्यात."

शितोळ्यांनी गॅस बंद केला. पोस्टाच्या पाकिटाची चोर म्हणून जिच्या नावाचा अर्ज पोलीस ठाण्याच्या आवक नोंदवहीत चढेल, तिला पोस्ट खातं काय म्हणून नोकरीवर घेईल, हे सांगायला निवृत्त अधिकारी लागत नाही. आणि तो अर्ज या क्षणी पुण्याच्या एखाद्या थैलीत सुरक्षित होता. आपलं खातं पत्र वेळेवर पोहोचवेल याची शितोळ्यांना नोकरीत असताना कधी इतकी भीती वाटली नव्हती.

२

पाकीट होतं १९४३ सालचं. दयाबाईंचे वडील दवाखान्यात कंपाउंडर. कामासाठी काठेवाडातल्या एका चिमुकल्या संस्थानात गेलेले. युद्धामुळे बाजारातून चिल्लर नाहीशी झाली होती आणि संस्थानानं नाण्यांऐवजी कागदाची कुपनं काढली होती. पत्राला लागायचा दीड आणा. वडिलांकडे तिकीट होतं अर्ध्या आण्याचं. उरलेल्या एका आण्याच्या जागी त्यांनी सरळ एक आण्याचं कागदी कुपन खळीनं चिकटवलं आणि पत्र टाकलं. आश्चर्य हे, की तिथल्या पोस्टमास्तरनं त्यावर शिक्का मारला. अर्धा कुपनावर, अर्धा पाकिटावर. त्याहून मोठं आश्चर्य म्हणजे वाटेत कुणीही ते बैरंग ठरवलं नाही. शिरूरला दंड न भरता पत्र मिळालं.

"हा शिक्काच सगळं आहे," बुधवारी शितोळे म्हणाले होते. "कुपनं बाजारात शंभर रुपयांना मिळतात. ती तिकीट म्हणून चालून गेली, याचा पुरावा हा एवढा गोल."

"जांभळा कशानं?" सत्यवानांनी विचारलं होतं. ते तिथल्या चर्चच्या मंडळीचे खजिनदार. शतकमहोत्सवाचं प्रदर्शन भरवायचं होतं, म्हणून आले होते.

"लहान ऑफिस. काळी शाई संपली असेल, रबरी शिक्क्याची वापरली."

दयाबाईंचा भाचा सॅम्युएल खुर्चीच्या कडेवर बसून होता. मतदानाला म्हणून मंगळवारी आला, तो रजा टाकून शुक्रवारपर्यंत आत्याकडेच राहिलेला.

"मग साडेतीन फायनल का, साहेब?"

"साडेतीन. कोपऱ्यात हा तेलाचा डाग आहे बघा. तो नसता, तर पाच म्हटलं असतं."

हे वाक्य त्यांनी कागदावरही लिहून दिलं, सहीनिशी. सवय.

३

न्हावऱ्यामार्गे शिरूरला पोहोचेपर्यंत अडीच वाजले. दयाबाईंच्या दोन खोल्या मिशनच्या कंपाउंडाला लागून. बाई ब्याऐंशीच्या. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं पुढं ढकललेलं. पण चौथीच्या वर्गावर नजर ठेवल्यासारख्या बसलेल्या.

"सलाम, साहेब. बसा. पाकीट गेलं त्याचं मला काही नाही," त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं ते साडेतीन लाखांचं आहे हे मला माहीत नव्हतं, तोवर कुणी नेलं नाही. पण माझ्या पोरीचं नाव घेतलं. ते मला सोसत नाही."

"ठेवलं कुठं होतं?"

त्यांनी मांडीवरचं जाड पवित्र शास्त्र उघडलं. स्तोत्रांच्या पानांत घडी घातलेला पिवळा कागद होता.

"हे काय?"

"वडिलांचं पत्र. पाकिटात होतं ना."

शितोळे पुढे झुकले. "पाकीट गेलं आणि पत्र राहिलं?"

"राहिलं, ही प्रभूची कृपा. मुलगी झाली तर दया नाव ठेवा, असं लिहिलंय यात. माझ्या जन्माआधीचं आहे."

शितोळ्यांनी पत्र उलटून पाहिलं. मूळच्या घड्यांवरच नीट घडी घातलेली. कुठं फाटलेलं नाही, ओढलेलं नाही. 

"शुक्रवारी काय काय झालं, क्रमानं सांगा."

"सुषमा अकराला आली. निवडीचं पत्र दाखवायला. पाया पडायला लागली, म्हटलं आमच्यात नाही चालत, पेढा दे. मग मीच तिला पाकीट दाखवलं, पोस्टातली होणार म्हणून. तिनं मोबाइलवर फोटो काढला. साडेबाराला गेली. मी जेवून झोपले. उठले तेव्हा घरात दवाखान्याचा वास."

"दवाखान्याचा?"

"सुई टोचायच्या आधी दंडाला पुसतात ना, तो. मी म्हटलं, आता मरणाआधी वासही यायला लागले का काय."

"तुम्ही इंजेक्शन घेता?"

"छे हो. गोळ्या."

तेवढ्यात सॅम्युएल चहा घेऊन आला. उपासनेसाठी तो सकाळीच कुरकुंभहून परत आला होता. उजव्या हातानं कप पुढे केला. बोटांची टोकं जांभळट होती.

"मतदान झालं वाटतं," शितोळे म्हणाले.

"झालं की, मंगळवारीच. ही शाई लई बेकार, साहेब. जाता जात न्हाई."

आणि हसला. 

४

"साहेब, तिच्या मोबाइलमध्ये फोटो हाय, अजून काय पायजे?" सॅम्युएल ओट्यावर बसून सांगत होता. "फोटो काढला, गिऱ्हाइकाला पाठवला, आन् माल उचलला. चारला मी शास्त्र उघडलं, तर पाकीट न्हाई."

"तुम्ही का उघडलंत?"

"सहजच."

"स्तोत्र वाचायला?"

 शास्त्र सहज उघडण्याबद्दल सॅम्युएलची फारशी ख्याती नसावी.

"अर्ज द्यायची एवढी घाई का केली?"

"मंडळीतले लोक इचारतेत ना. तक्रार दिली का, तक्रार दिली का. न्हाई दिली तर माझ्यावरच शंका घेतील."

"तुम्ही कुरकुंभला नक्की काय काम करता?"

"ऑपरेटर. औषधाची कंपनी. रिअ‍ॅक्टर, ड्रायर, सगळं बघतो. तीन शिफ्ट."

आतून दयाबाईंचा आवाज आला. "फार गुणाचा आहे हो कामाला. आला की घर लख्ख करतो. बटणं बघा दिव्यांची, कशी पांढरी केलीत. माझा चष्मासुद्धा पुसून देतो, कंपनीतल्या पाण्यानं."

"आत्या, तुम्ही पडा जरा," सॅम्युएल म्हणाला.

शितोळ्यांनी बटणं पाहिली. खरोखरच नव्यासारखी होती.  त्यांना एकाएकी बुधवारचं आपलंच एक वाक्य आठवलं आणि त्यांनी कप खाली ठेवला.

सत्यवान खंडागळे कंपाउंडाच्या फाटकाशीच भेटले. त्यांचीही उजवी तर्जनी आणि अंगठा जांभळा.

"तुम्हीही मतदान उजव्या हातानं केलं काय?"

"न्हाई हो! मंडळीच्या पावत्यांचा शिक्का. पॅड गळतंय." त्यांनी डावा हात वर केला, तर्जनीच्या नखावर मतदानाची काळपट रेघ होती. मग त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. "साहेब, एक सांगायचंय. बुधवारी तुम्ही गेल्यावर मी त्या पाकिटाची रंगीत झेरॉक्स काढून घेतली. बाईंना न इचारता. प्रदर्शनासाठी. आन् शुक्रवारी दोनला मी मंडळीच्या मासिकाचा अंक द्यायला गेलो होतो दारापर्यंत. कुणी मला बघितलं असंल, तर आता माझंच नाव येतंय बघा."

"आत गेलात?"

"दार लावलेलं. सॅम्युएल आतनंच म्हणाला, आत्या झोपलीय, उद्या या."

"पत्राची झेरॉक्स काढली का?"

सत्यवानांचा चेहरा पडला. "तेच तर राह्यलं! प्रदर्शनाला खरं पत्रच पायजे होतं. पाकिटाला कोण इचारतंय? बाई म्हणल्या, पत्र मी मेल्यावर घ्या."

५

सुषमा कोळपे एस.टी. स्टँडजवळच्या अभ्यासिकेबाहेर उभी होती. चोवीस वर्षांची, हातात प्लास्टिकची फाइल. फाइल तिनं छातीशी धरली होती, जणू तीही कुणी हिसकावून नेईल. सत्यवानांनी तिला फोनवर सगळं सांगितलं होतं.

"तुम्हीच किंमत सांगितली ना?" तिनं पहिलाच प्रश्न विचारला.

"हो."

"सांगायची न्हाई व्हती."

शितोळ्यांनी मान हलवली.

"आमचा बाप कोकणापर्यंत मेंढरं घेऊन जायचा," ती म्हणाली. "कुठं काय हरवलं की गाव पहिलं आमच्या वाड्यावर यायचं. कोंबडी गेली, धनगरांनी खाल्ली. आता शेती हाय, घर हाय, मी पदवी घेतली. तरी हरवलं की आमच्याकडंच येतेत. आप्पाला अजून सांगितलं न्हाई मी. त्यानं गावभर पेढे वाटलेत."

"फोटो दाखव."

तिनं दाखवला. शुक्रवार, बारा वाजून पाच मिनिटं. पाकीट टेबलावर, जांभळा शिक्का स्पष्ट, कोपऱ्यात तेलाचा डाग.

"हा कुणाला पाठवलास?"

"कुणालाच न्हाई. मोबाइल बघा हवं तर, मामा." तिनं फोन पुढं केला. "उद्या दहाच्या आत तो अर्ज जाणार. ठाण्याचं टपाल पहिल्या फेरीत असतंय, मी पोस्टमनला इचारून आले."

शितोळ्यांनी घड्याळ पाहिलं. पावणेपाच.

"चल," ते म्हणाले.

"कुठं?"

"बाईंकडं. त्यांच्यासमोरच बोलू."

६

दयाबाईंच्या खोलीत खुर्च्या चारच होत्या. सत्यवानही आले होते, म्हणून सॅम्युएल उभा राहिला.

"चोर घाईत असतो," शितोळे म्हणाले. "तो पाकीट उचलतो आणि जातो. आत पत्र आहे की किराण्याची यादी, हे घरी जाऊन बघतो. इथं तसं झालं नाही. कुणीतरी पत्र हळूच बाहेर काढलं, मूळ घडी मोडली नाही आणि परत स्तोत्रांत ठेवलं. म्हणजे त्याला वेळ होता आणि पत्राला जपायचं होतं. पाकीट रिकामं करायचं कारण काय असेल?"

"जड व्हत असंल," सत्यवान म्हणाले.

"खंडागळे, तुम्ही असता तर उलटं केलं असतं. पत्र नेलं असतं, पाकीट ठेवलं असतं."

सत्यवानांनी मान डोलावली. आपण निर्दोष आहोत हे कळूनही त्यांना थोडा अपमान वाटला.

"पाकीट रिकामं करायचं ते त्याच्यावर काही ओलं काम करायचं म्हणून. आतलं पत्र भिजू नये म्हणून. सुषमा गेली साडेबाराला. दवाखान्याचा वास आला त्यानंतर. बाई इंजेक्शन घेत नाहीत. मग घरात स्पिरिटसारखं काय होतं?" शितोळे भिंतीकडे वळले. "ही बटणं कशानं पुसली, सॅम्युएल?"

सॅम्युएलनं हात पाठीमागे घेतले.

"दोन्ही हात दाखवा."

डाव्या तर्जनीवर मतदानाची रेघ होती, काळी पडलेली. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं जांभळी होती, फिकट, कापसानं काही चोळावं तशी.

"मत एकदाच देता येतं," शितोळे म्हणाले. "ही दुसरी शाई त्र्याऐंशी वर्षांची आहे."

 सॅम्युएल दारातच खाली बसला.

"फकस्त डाग काढायचा व्हता," तो म्हणाला. "कंपनीत आम्ही समदं त्या स्पिरिटनंच पुसतो. मशीनवरची लेबलं, टेबलं, पंख्याची पाती, पोरांची दप्तरं. कशावरचा डाग राहत न्हाई. म्हणलं, पाच होतील. आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन बी होईल, मला बी काहीतरी... पहिला बोळा फिरवला डागावर, काय झालं न्हाई. दुसरा फिरवला तर शिक्काच वाहायला लागला. पुसायला गेलो तर आजून पसरला. कुपन सुटून हातात आलं." त्यानं तोंड पुसलं. "तवर आत्या उठली. म्हणलं, पाकीट न्हाई. म्हणली, कुणी नेलं? तोंडातनं सुषमाचं नाव निघालं. का निघालं मला ठाऊक न्हाई. एकदा निघाल्यावर मग ते कागदावर आणावंच लागलं."

"ठाऊक न्हाई?" सुषमा म्हणाली. "मला हाय ठाऊक."

सॅम्युएलनं ड्यूटीच्या पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं पाकीट काढलं. मधोमध जांभळा ढग, त्यात शिक्क्याचं एकही अक्षर उरलेलं नव्हतं. कुपन सुटं. तेलाचा डाग मात्र होता तिथंच होता.

"आता किती?" त्यानं खालच्या मानेनं विचारलं.

"कुपनाचे शंभर," शितोळे म्हणाले. मग कुणी विचारलं नव्हतं तरी पुढं बोलले. "डागाचं मी बोललो. सत्तर-ऐंशी वर्षांच्या कागदाला कधी काही लावायचं नसतं, हे पुढचं वाक्य मी बोललो नाही. मला वाटलं, ते सगळ्यांना माहीत असतं."

दयाबाईंनी पाकीट डोळ्यांजवळ नेलं, वास घेतला आणि बाजूला ठेवलं. "सॅम्युएल, उठ. ठाण्यात फोन कर, म्हणावं अर्ज खोटा आहे."

"फोननं भागणार नाही, बाई," शितोळे म्हणाले. "अर्ज टेबलावर आला की नोंद होणार. नोंद झाली की चौकशी, आणि तोवर पडताळणीचा कागद अडकणार. खोटा अर्जसुद्धा अर्जच असतो."

सुषमाच्या हातातली फाइल खाली पडली. ती उचलायला कुणीच वाकलं नाही.

"पाठवणाऱ्याला पत्र परत मागता येतं," शितोळे म्हणाले. "वाटप व्हायच्या आत. पण फक्त पाठवणाऱ्याला. पावती आहे का?"

सॅम्युएलनं पैशांचं पाकीट चाचपलं. मग शर्टाचा खिसा. मग पुन्हा पाकीट.

"कुरकुंभला राह्यली," तो म्हणाला. "खोलीवर."

७

सोमवारी सव्वानऊला शिरूरच्या पोस्टाबाहेर शितोळे आणि सुषमा उभे होते. सॅम्युएल रात्रीच पावती आणायला गेला होता. तो परत येईलच, असं त्यांच्यापैकी कुणीही बोलून दाखवलं नव्हतं.

आत टपालाच्या थैल्या उघडल्या होत्या. पोस्टमन आपापल्या बीटची पत्रं लावत होते. ठाण्याच्या बाजूचा पोस्टमन गठ्ठ्याला सुतळी बांधू लागला.

"मामा, ते त्यात असंल," सुषमा हलक्या आवाजात म्हणाली.

"असेल."

"हात लांबवला तर येतंय."

"येईल. पण आपलं नाही ना ते."

पोस्टमननं गठ्ठा थैलीत टाकला, चष्मा पुसला, सायकलच्या किल्लीसाठी खिसे तपासले. साडेनऊ वाजून गेले. तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली आणि सॅम्युएल धापा टाकत आत आला. शर्ट कालचाच.

शितोळ्यांनी काउंटरवरच्या कारकुनाला सगळं सांगितलं. कारकून म्हणाला, अर्ज लिहा, पावती द्या, ओळखपत्र दाखवा. पोस्टमनला त्यानं हातानंच थांब म्हटलं.

सॅम्युएलनं पेन हातात घेतलं. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. सहीच्या जागी पेन थांबलं.

"इथं सही केली की मी खोटा ठरतो, साहेब. उद्या समद्या मंडळीला कळंल."

"नाही केली तरी कळेल," शितोळे म्हणाले. "खंडागळ्यांना माहीत आहे."

सॅम्युएलनं सुषमाकडे पाहिलं. ती पोस्टमनच्या थैलीकडे बघत होती. त्यानं सही केली.

पोस्टमननं थैली पालथी केली. बँकेची, न्यायालयाची, कुणाकुणाची लांब पाकिटं बाहेर आली आणि सगळ्यांत खाली ते सापडलं. कारकुनानं क्रमांक दोनदा ताडून पाहिला आणि पाकीट काउंटरवर ठेवलं.

सॅम्युएलनं ते उचललं आणि सुषमापुढे धरलं. "घे. वाच, काय लिवलंय तुझ्याबद्दल. मग माझ्या तोंडावर मार."

सुषमानं पाकिटावरचा पत्ता वाचला. पाठवणाऱ्याचं नाव वाचलं. हात मागे घेतला.

"दुसऱ्याचं पत्र हाय," ती म्हणाली. "मला उघडता येत न्हाई."

मग ती कारकुनाकडे वळली आणि पत्र परत दिल्याची नोंद वहीत झाली का, ते विचारू लागली.